बाप्पा अजून ओले आहेत

‘यंदा मूर्ती स्वहस्ते!’ असं मी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं, तेव्हा शाडूची पिशवी उघडलीसुद्धा नव्हती. सदतीस अंगठे आले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर हात जोडले. माघारीचा रस्ता तिथेच बंद झाला.

२०२५ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. १७ तारखेच्या रविवारी रात्री माझी नऊ इंची मूर्ती तयार झाली. हातात दहा दिवस. इंचाला एक दिवस आणि वर एक दिवस रंगाला, असा हिशेब मी मांडला. तो पावसाने ऐकला असावा. १८ आणि १९ला मुंबई-ठाण्यात तो धो धो कोसळला. लोकल बंद पडल्या आणि मी घरी बसून बाप्पाच्या पोटाला दर दहा मिनिटांनी बोट लावून बघू लागलो. चौथ्या दिवशी पोट ओलंच होतं. फक्त त्यावर माझ्या बोटाचे ठसे जास्त झाले होते.

ग्रुपवरच्या एकाने सुचवलं, ‘पीओपी घ्यायचं, अर्ध्या तासात काम.’ खरंय. जिप्सम भाजून केलेली ती पूड पाणी पिऊन घट्ट होते. शाडूला पाणी सोडावं लागतं. आणि सोडायला वेळ लागतो, हे मला सिगारेटमुळे ठाऊक होतं.

तरी मी हेअर ड्रायर काढला. वीस मिनिटं गरम झोत मारल्यावर मूर्ती वरून झकास पांढरी झाली. मी फोटो काढायला वळलो तेवढ्यात सोंडेच्या मुळाशी केसाएवढी रेघ उमटली. बघता बघता तिची सुतळी झाली. घाबरून ओळखीच्या मूर्तिकारांना फोन लावला.

“साहेब, वरची कातडी सुकून आक्रसली, आतली माती ओलीच. ओढाताण होणार, तडा जाणार. पोट पोकळ केलंय ना?”

“नाही, भरीव आहे,” मी अभिमानाने म्हणालो.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “खालून कोरा. बोटाएवढी जाडी राहू द्या. तड्यात त्याच शाडूची राबडी भरा. आणि ऊन नको, गरम हवा नको, नुसता वारा द्या.”

वारा! श्रावणातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये!

इथे कपड्यांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पावसाळ्यात आमच्या घरात माणसं कपड्यांच्या सवडीने राहतात. हॉलमध्ये आडव्या तीन दोऱ्या. पाहुण्यांना परकराखालून वाकून सोफ्यापर्यंत यावं लागतं. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंच्या कपाळावर माझ्या बनियनचा बंद लोंबत असतो. टॉवेल दरवाजावर, मोजे फ्रीजच्या मागे, रुमाल खिडकीच्या गजांना. जीन्स हा प्रकार तर पावसाळ्यासाठी नव्हेच. ती सोमवारी धुतली तर गुरुवारी तिचे फक्त खिसे ओले राहतात, आणि नेमका त्यांतच आपण हात घालतो. शिवाय तो वास. कुबट म्हणावं तर अपमान होतो, दमट म्हणावं तर कौतुक. इस्त्री फिरवली की तो वास उठून अख्ख्या घराला रामराम करतो. आणि तरीही, लग्नाला एकोणीस पावसाळे झाले, सकाळी सव्वासातला माझे मोजे कोरडे असतात. कसे, हे मी कधी विचारलं नव्हतं. मोजे कोरडेच असतात, अशी माझी समजूत होती.

मी पोट कोरत असताना बायको येऊन उभी राहिली. “अहो, त्याला कोपऱ्यात कशाला कोंडलंय?” तिने भांडी निथळायची जाळी स्टुलावर पालथी घातली, वर मूर्ती ठेवली आणि स्टूल नेऊन ठेवलं स्वयंपाकघराची खिडकी आणि बाथरूमचं दार यांच्या मधल्या बोळात. खिडकी चार बोटं उघडली. एक्झॉस्ट फॅन लावला. “इथून वारा जातो. लेकीचा युनिफॉर्म इथेच वाळतो. दर तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर एकच बाजू वाळते.”

मी हात पुढे केला. खरंच, तिथून वारा जात होता. एवढ्याशा घरात वाऱ्याची वाट कुठून जाते हे तिला पाठ होतं आणि मला नऊ इंचांच्या मातीसाठी ते पहिल्यांदा कळत होतं. एकोणीस पावसाळे तिने इथे उभं राहून कूस बदलली. त्याचं कुणी स्टेटस ठेवलं नाही. अंगठाही नाही. मला एकदम सोंडेपेक्षा मोठा तडा दिसल्यासारखं झालं.

मूर्ती २५ तारखेला खणखणीत वाळली. रंग झाला, फोटो गेला, त्रेपन्न अंगठे आले. चतुर्थीला काकांनी मूर्तीजवळ जाऊन विचारलं, “सगळं तुम्हीच केलंत?”

मी बायकोकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं.

“हो,” मी म्हणालो.

त्या बोळातली जागा आठवडाभर बाप्पाने अडवली होती. त्यामुळे माझं धोतर वाळायला हॉलमध्ये राहिलं होतं. प्राणप्रतिष्ठेपासून आरतीपर्यंत मी ते दमट धोतर नेसून पाटावर बसलो होतो. बायको शेजारीच होती, कडकडीत कोरड्या साडीत.