मोजणीदार

आमच्या शेजाऱ्याला आमच्या घरात मोजणीदार म्हणतात. नाव बायकोनं ठेवलं. मिझुरीत राहायला आल्यावर पहिल्याच फेब्रुवारीत तिनं खिडकीतून पाहिलं, की शेजारचे सत्तरीचे गृहस्थ कानावर पेन्सिल अडकवून गॅरेजच्या दारावर ताणलेल्या खाकी कागदापुढं उभे आहेत आणि एकेक ठिपक्यावर बोट ठेवून काहीतरी मोजताहेत. "गावी बांधाची मोजणी करायला येतात ना, अगदी तसा चेहरा," ती म्हणाली. खरं तर वयाला मान देऊन अहो-जाहो करायला हवं. पण इंग्रजीत सगळेच 'यू', त्यामुळे मनातल्या मनात तो लवकरच अरे-तुरेवर आला.

कागदावर ठिपके नव्हते, भोकं होती. छर्ऱ्यांची.

टर्की म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या ताटातला पक्षी, एवढीच माझी माहिती. इथल्या ओझार्क डोंगरांत तो रानात हिंडतो, रात्री झाडावर झोपतो आणि वसंतात पहाटे नराच्या ओरडण्यानं दरी घुमते. शिकारीचा हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो नि तीन आठवड्यांत संपतो. मारायचा तो दाढीवाला, म्हणजे ज्याच्या छातीवर केसांसारखा झुपका लोंबतो तो, बहुतेक नरच. ह्या तीन आठवड्यांसाठी मोजणीदार तीन महिने तयारी करतो. मुलीच्या लग्नाची तयारी माणसं इतकी करत नाहीत.

"छर्ऱ्यांच्या बंदुकीला नेम कसला आलाय? नळी त्या बाजूला केली की झालं," असं मी एकदा बोलून गेलो. त्यानं मला खुर्चीत बसवलं. उठलो तेव्हा अंधार पडला होता.

तेव्हा कळलं ते असं: एका काडतुसात दोन-तीनशे छर्रे. नळीतून निघाले की ते पसरायला लागतात. किती पसरायचं ते चोक ठरवतो. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी आवळलेला गळा. मग जितका आवळावा तितकं बरं का? तसंही नाही. फार आवळला तर शिशाचे छर्रे एकमेकांवर घासून चेपतात आणि वाटेल तिकडे जातात. शिवाय एकाच कारखान्यातल्या दोन बंदुका एकच काडतूस दोन तऱ्हांनी उडवतात. सख्खे भाऊ तरी कुठं एकासारखे एक असतात? म्हणून कागद. चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, तो ताणायचा, मधोमध खूण करायची, बार काढायचा. भोकं जिथं सर्वांत दाट, तिथं दहा इंचांचं वर्तुळ काढायचं आणि आतली मोजायची. शंभर भरली की काडतूस पास, असा इथल्या शिकाऱ्यांचा ठोकताळा.

मोजणीदाराला शंभरावर झोप लागत नाही. त्यानं चोक बदलले, काडतुसं बदलली. शिशापेक्षा दीडपट जड अशा टंगस्टनच्या बारीक छर्ऱ्यांची काडतुसं आणली. एकेकाला दहा डॉलरच्या वर. एका वर्षी बंदूक खुणेच्या सहा इंच डावीकडं मारायला लागली, तर त्या आठवड्यात घरात कोणी अंथरुणाला खिळल्यासारखा तो वावरत होता. हे सगळे प्रयोग कुरणात, गारठलेल्या जमिनीवर फतकल मारून, कारण जंगलात झाडाला टेकूनच बसायचं असतं. कागद वर्षवार गुंडाळून ठेवलेले. प्रत्येकावर तारीख, तपमान, वारा. जे नापास झाले ते त्याची बायको भेटवस्तू गुंडाळायला वापरते. आमच्या मुलीच्या वाढदिवसाची बाहुली आली, ती चाळणीतून डोकावतच.

त्याच वाढदिवसाला माझी आई साताऱ्याहून आलेली होती. मोजणीदार केकची बशी हातात धरून मला नेम कुठं धरायचा ते समजावत होता. ह्या विषयावर तो थट्टा खपवून घेत नाही. डोक्यावर नाही, ते सारखं हलतं. छातीवर तर नाहीच. तिथं पिसांचं आणि मांसाचं चिलखत. छर्रे अंगात घेऊन पक्षी उडतो नि कुठंतरी झुडपात तळमळत मरतो. टर्कीची मान उघडी, लाल गाठींची. ती उघडी कातडी संपून पिसं जिथं सुरू होतात, तिथं बंदुकीची माशी टेकवायची, म्हणजे दाट छर्रे मानेत आणि डोक्यात जातात आणि सगळं तिथल्या तिथं संपतं. पण नर पिसारा फुलवून मान आखडून उभा असेल तर बार काढायचा नाही. हळूच कुक् करायचं. मग तो मान ताणून बघतो. हे सांगताना त्यानं हनुवटी उचलून स्वतःची मान वीतभर लांब केली नि कॉलरशी बोट लावलं.

"मानेचा त्रास आहे का रे ह्यांना?" आईनं विचारलं. "ओव्याचा शेक द्यायला सांग."

एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्या दिवाळीला बायकोनं शेजारी फराळ पाठवला होता, स्टीलच्या ताटलीत. ताटलीच्या कडेवर माझ्या सासूबाईंचं नाव घातलेलं. चकल्या आवडल्याचं पत्र आलं, ताटली आली नाही. परतीच्या भांड्यात चिमूटभर तरी साखर घालावी हे इथं कोणाला ठाऊक. पण निदान भांडं? मागायची तरी कशी? बायको दर दिवाळीला त्या घराकडं एकदा बघते आणि उसासा टाकते.

तर यंदा त्यानं मला बरोबर नेलं. बंदूक त्याची, मी नुसता बघ्या. निघताना माझा लाल रुमाल काढून घेतला: लाल, पांढरं, निळं काही नको, नराच्या डोक्याला हेच तीन रंग, दुसऱ्या शिकाऱ्याचा घोटाळा व्हायला नको. तुर्कस्तानात ह्या पक्ष्याला 'हिंदी' म्हणतात, असं मी सांगितलं. "म्हणजे तुझा गाववाला," तो म्हणाला. "बोलू नकोस, ओळखेल."

पहाटेच्या काळोखात एका ओकला टेकून बसलो. त्यानं खिशातून एक छोटी गोल पाटी काढली आणि तिच्यावर काडी घासली. हुबेहूब मादीचा आवाज. पलीकडच्या उतारावरून उत्तर आलं. अर्ध्या तासानं प्रत्यक्ष स्वारी: पिसारा फुललेला, पंखांची टोकं जमिनीवर घासताहेत, मान आत. जेमतेम पंधरा पावलांवर. इतक्या जवळ छर्ऱ्यांचा घोस संत्र्याएवढाच असतो, चुकायला भोवती सगळं रान मोकळं. मोजणीदारानं कुक् केलं. मान वर आली. आणि गाल दस्त्याला चिकटवून ठेव, उचललास की बार वरून जातो, हे मला शंभरदा बजावणाऱ्या माणसानं नीट दिसावं म्हणून गाल उचलला.

धूर विरला तेव्हा गाववाला उतारावरून पळताना दिसला.

सांत्वनाचं काय बोलावं ते मी इंग्रजीत जुळवत होतो. मोजणीदारानं बंदूक रिकामी केली, पिशवी उचलली आणि बार गेला त्या दिशेनं पावलं मोजत निघाला. अडतीस. एकोणचाळीस. चाळिसाव्याला एक जाडजूड ओक, छातीच्या उंचीला साल ताजी फुटलेली. त्याचा चेहरा उजळला. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यानं माझ्या हातात दिलं.

"इथं घट्ट धर. बरोबर दहा इंच आहे. असं माप बाजारात मिळत नाही."

टॉवेल बाजूला केला. अंगठ्याला कडेवरची अक्षरं लागली, आधी 'सौ.', मग पुढचं सगळं नाव. पेन्सिल कानावरून उतरली नि सासूबाईंना प्रदक्षिणा घालू लागली.

"हलवू नकोस," तो म्हणाला. "बांधावरचे छर्रे आत धरायचे की बाहेर, ते बघतोय."