माया धरायची राहिली

अडतीस वर्षं मी सरळ रेषा ओढण्याचा पगार घेतला. ड्राफ्ट्समन होतो. गटारं, रस्ते, पाण्याच्या टाक्या आधी माझ्या कागदावर उभ्या राहायच्या आणि मग, मंजुरी आलीच तर, जमिनीवर. त्यामुळे मुलगी पहिल्या बाळंतपणाला हुबळीतल्या नवनगरच्या आमच्या घरी आली, तेव्हा बाळाची गोधडी मी शिवणार असं मी जाहीर करून टाकलं. छत्तीस चौकोन एकमेकांना जोडायचे, एवढंच तर काम. मोबाइलवर एका बाईनं ते अकरा मिनिटांत केलेलं मी पाहिलं होतं, त्यातही दोन मिनिटं ती नुसती हसत होती.

"अहो, तान्ह्याला जुनं सुती लागतं," ही म्हणाली. "माझ्या दोन साड्या धुऊन ठेवल्यात, दुपटी मी करते. तुम्ही पाळण्याचे स्क्रू आवळा."

माझं नातवंड आणि त्याच्या अंगाखाली जुनेर? स्क्रू तसेच ठेवून मी कपाट उघडलं.

आमच्याकडे ओटीच्या ब्लाउजपीसांचा स्वतंत्र कप्पा आहे. ब्लाउजपीस ही शिवायची वस्तू नव्हे, ते चलन आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. ते हळदीकुंकवाला येतं, वास्तुशांतीला जातं, आणि कात्री न लागता वर्षानुवर्षं हिंडत राहतं. प्रत्येकाला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली होती: 'धारवाडच्या काकू', 'मुन्शीणबाई, मुंज', 'बेळगाव, मामेसासू'. ज्या घरून आला त्याच घरी परत जाऊ नये, म्हणून ही नोंद. मी चिठ्ठ्या काळजीपूर्वक काढल्या आणि काळजीपूर्वक फेकून दिल्या.

मग नकाशा. आमच्या शहरात बेंगेरीला देशाचा तिरंगा शिवतात. तिथं लांबी-रुंदी तीनास दोन म्हणजे तीनास दोन, चक्राला आरे २४ म्हणजे २४. माप चुकलं की झेंडा बाद. त्याच गावचं पाणी मीही पितो. मी मोठा कागद घेतला, सहा इंचांचे सहा चौकोन, अशा सहा ओळी काढल्या. साही सक छत्तीस. लाल खणाशेजारी लाल खण येऊ नये म्हणून क्रमांक घातले आणि कोपऱ्यात सही करून तारीख टाकली.

आत घालायला कापूस हवा म्हणून दुर्गदबैलला गेलो. दुकानदारानं "किती?" विचारलं. कमी पडू नये म्हणून दोन किलो म्हणालो. येताना 'चिगरी' बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर कापसाचं गाठोडं बसलं. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये हरीण. समोरच्या बाईंनी गाठोड्याकडे पाहून "गादीला का?" असं विचारलं. "बाळाच्या गोधडीला," म्हटल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

आईचं पायमशीन बाहेर काढलं. त्याचं चाक उलट फिरलं की दोरा तुटतो, आणि माझ्या पायाला उलट फिरवण्याची उपजत ओढ होती. त्यात कापडांचे स्वभाव वेगळे. पॉलिएस्टर सुईखालून निसटायचं, खण हलायला तयार नसायचा. हुबळीच्या स्टेशनावर १५०७ मीटरचा फलाट मापात बसला आहे. त्याच गावात माझी सहा इंचांची टीप मध्येच डावीकडे वळायची. कडेनं घातलेली टीप उसवेल या भीतीनं मी ती अर्धा इंच आत घेतली आणि आपल्या दूरदृष्टीवर खूश झालो.

तिसऱ्या दिवशी छत्तीस चौकोन जोडून झाले. टेप लावली. एका बाजूनं एकतीस इंच, दुसऱ्या बाजूनं साडेबत्तीस. मी टेप बदलून पाहिली.

"माया किती धरली होती?" हिनं विचारलं.

"कसली माया?"

"शिवणीत जाणारं कापड. पाच शिवणी, दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच. पाच इंच गेलेच की. पाव इंच शिवण धरायची, तर चौकोन साडेसहाचा कापायचा. तुम्ही नकाशात भिंतीची जाडी धरत होता ना?"

धरत होतो. पण भिंतीला कुणी माया म्हणत नव्हतं.

दुसऱ्या बाजूला पुरे पाच इंच कसे गेले नाहीत, याचं कारण एवढंच की तिथं माझी टीप अधूनमधून काठावर चढली होती. अस्तर मात्र नकाशाप्रमाणे छत्तीस इंचांचं कापून बसलं होतं. उरलेलं मी वर दुमडलं आणि त्याला 'बॉर्डर' असं नाव दिलं. आत कापूस दाबला, पण तिन्ही थरांतून धावदोरा घालताना तीन सुया मोडल्या, तेव्हा तो नाद सोडला. मोकळा कापूस एका कोपऱ्यात जमला. गोधडीला उशी आपोआप मिळाली.

नात झाली. बाराव्या दिवशी बारसं. पाळण्यात माझी गोधडी अंथरली. बायका वाकून बाळाकडे बघायच्या आणि मग बराच वेळ गोधडीकडे.

"हा मोरपंखी मी दिलेला!" धारवाडच्या काकू म्हणाल्या.

"तो तर मी तुम्हाला संक्रांतीला दिलेला," मुन्शीणबाई म्हणाल्या.

"आणि मी तुम्हाला," कोपऱ्यातून तिसरा आवाज आला.

सहा इंचांच्या त्या तुकड्याचा पूर्ण प्रवास पाच मिनिटांत उलगडला. हिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ते जास्त वाईट होतं.

तेवढ्यात बाळानं आपलं काम केलं. मुलीनं तिला उचललं आणि किंचाळली. पाठीपासून टाचांपर्यंत पोर लालभडक. कुणी गोवर म्हणालं, कुणी कांजिण्या. जावई चपला शोधू लागले. शेवटी शेजारच्या अज्जी पुढे आल्या, पदराचं टोक ओलं करून त्यांनी बाळाची पाठ पुसली आणि पदर उंच धरून सगळ्यांना दाखवला.

"बण्ण!" अज्जी म्हणाल्या. रंग!

नवा खण शिवण्याआधी मिठाच्या पाण्यात बुडवून धुवायचा असतो. मी धुतला नव्हता. धुतल्यावर नव्याची चकाकी जाते ना! जुन्या साडीचा रंग, खळ, आटणं, जे काय जायचं ते वीस वर्षांत जाऊन झालेलं असतं, म्हणूनच ती तान्ह्याला घालतात. बाळाला पाणी घालायला बसलेल्या बाईंनी हे मला बादलीशेजारूनच समजावलं.

दुसऱ्या दिवशी अज्जी स्वतःची कौदी घेऊन आल्या. जुन्या साड्यांचे थर, वर तुकडे, आणि हातानं घातलेला नुसता धावदोरा. हळियाळकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात तीही अशीच. कडेपासून सुरुवात करून गोल फिरत मध्यापर्यंत यायचं. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे फुल्ले लावायचे, त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. मी टेप घेऊन बसलो. एकही तुकडा दुसऱ्याच्या मापाचा नव्हता.

"अळती याक?" अज्जींनी विचारलं. माप कशाला?

"मग शेवटी मध्यात बसतं कसं?"

मध्यात जेवढी जागा उरेल तेवढा तुकडा लावायचा, अज्जी म्हणाल्या. त्यांच्या कामात चुकीसाठी जागा पहिल्या टाक्यापासून राखलेली होती. माझ्या सहीच्या नकाशात तेवढीच नव्हती.

आता नात हिच्या जुन्या साड्यांच्या दुपट्यात झोपते. शिवणकामात माझी नेमणूक सुईत दोरा ओवायला झाली आहे आणि पाळण्याचे स्क्रूही मी आवळले आहेत. फेकलेल्या चिठ्ठ्यांची यादी आठवून पुन्हा लिहून काढण्याची शिक्षा चालू आहे. सत्तावीस झाल्या, नऊ आठवत नाहीत.

गोधडीतला कापूस काढून ती चारदा धुतली. अजून पाणी गुलाबी येतं. हल्ली ती आईच्या मशीनवर झाकण म्हणून घातलेली असते. तिथं मात्र ती चोख बसते, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. आलेल्या प्रत्येकाला मी सांगतो की हे माप आधीपासून ठरलेलं होतं.