डोळा एक, बघणारे फार

मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली पंधरा मिनिटांचं झालंय, असं जो तो सांगतो. खोटं नाही ते. फक्त ती पंधरा मिनिटं सोडून उरलेल्या दिवसाचं काय, हे कुणी बोलत नाही, म्हणून हा प्रपंच.

नऊला बोलावलं असेल तर आठलाच निघावं. फलटण काही मोठं नाही, पण शंकर मार्केटपाशी निदान चौघं तरी 'सकाळी सकाळी कुठं?' विचारतात आणि चौघांनाही सविस्तर सांगावं लागतं. 'हलका नाश्ता करून या,' असा डॉक्टरांचा निरोप होता. हलका म्हणजे किती, यावर घरात चर्चा झाली. आमच्याकडे दोन भाकरी हलक्यातच मोडतात.

दवाखान्यात बाकावर बसवून सिस्टर थोड्या थोड्या वेळानं डोळ्यात थेंब टाकत राहतात. बाहुली मोठी होते, मग भिंतीवरचं घड्याळ दिसतं, पण वाजले किती ते दिसत नाही. मधेच कुणीतरी येऊन नाव आणि 'कुठला डोळा?' विचारून जातं. काउंटरवर विचारलं, सिस्टरनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं. चुकीच्या डोळ्याला हात लागू नये म्हणून हे मुद्दाम करतात. पण एवढ्यांदा 'उजवा' म्हटल्यावर माणसाला उगाच डाव्याची शंका यायला लागते. त्यासाठी भुवईच्या वर पेनानं फुलीही मारतात.

शेजारी तरडगावचे एक तात्या होते. म्हटलं, "तात्या, भीती वाटते का?"

"कशाची? तोड मिळंना, ऊस फडात वाळतोय. डोळ्याचं काय घेऊन बसलाय!"

आत हिरवा झगा, नाडी पाठीमागं. तोंडावर भोकाचं कापड पडतं आणि वर नुसता उजेड. निळा, गुलाबी, मधेच पाण्यात बघितल्यासारखा. डॉक्टर 'लाइटकडे बघा, हलू नका' म्हणतात. लाइटशिवाय बघण्यासारखं तिथं दुसरं काही नसतंच. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि घडी घातलेली लेन्स आत सोडतात. १९६७ साली हे तंत्र आणणाऱ्या चार्ल्स केलमन यांना त्याची कल्पना दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत सुचली होती. आपण त्या खुर्चीत बसलो की फक्त देव आठवतो.

आमच्या आजोबांच्या काळी मोतीबिंदूसाठी मिरजेला जावं लागे, १८९४ सालच्या मिशन हॉस्पिटलात. डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस उताणं निजायचं. हाल खरे, पण फलटणहून मिरजेपर्यंत समाचाराला कोण येणार? आता तासाभरात चहा-बिस्किट देतात, काळा चष्मा लावतात, थेंबांचं वेळापत्रक हातात ठेवतात आणि घरी सोडतात. मेडिक्लेमवाल्यांनीसुद्धा चोवीस तास ॲडमिट राहायची अट असल्या ऑपरेशनपुरती सोडली आहे. खरी मेख इथंच आहे. दवाखान्यात भेटायला ठरावीक वेळ असते. घराला नसते.

दुपारपासून रीघ लागली. येणारा प्रत्येक जण चपला काढायच्या आधी दारातूनच बोटं नाचवतो, "किती? सांगा, किती?" डोळ्यावर अजून पट्टी आहे, हे त्याला दिसत नसतं, मोतीबिंदू कुणाला झालाय तेच कळत नाही. एका काकूंनी डोळ्यात मध घालायला सांगितलं, दुसऱ्यांनी गुलाबपाणी. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या थेंबांशिवाय डोळ्यात काही म्हणजे काही घालायचं नाही, हा कागद सौ.नी शेवटी दारावरच चिकटवला. तो काकूंनी मोठ्यानं वाचून दाखवला आणि मधाची बाटली टेबलावर ठेवली.

तेव्हा फलटणकरांनो, एकच विनंती. डोळ्याच्या पेशंटला आठवडाभरानं भेटा. शहाळी आणू नका, आमच्या न्हाणीत आता पाय ठेवायला जागा नाही. आणि बोटं खिशात ठेवा.

डाव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात आहे. तारीख सांगणार नाही.