वेडे वगळून: एका दुकानदारास खुलं पत्र

लंडनच्या एका संग्रहालयाच्या दुकानातला माल निवडणारे रसिकवर्य यांस,

स. न. वि. वि.

आपल्याकडून घेतलेला घडीचा आरसा परवा भाचीने माझ्या हातात ठेवला. झाकणावर रेशमी झग्यातल्या दोघी. एकीच्या हातात पंखा, दुसरी तिच्या कानाशी लागलेली. ‘मावशी, किती गोड आहेत ना गं!’

गोडच आहेत. विल्यम होगार्थच्या ‘अ रेक्स प्रोग्रेस’ मालिकेतल्या, आठव्या आणि शेवटच्या चित्रातल्या. बापाची कमाई जुगारात आणि बाईबाटलीत उडवून टॉम रेकवेल तिथे बेडलमच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचलाय. अंगावर धड कपडा नाही, पायात बेडी. आणि या दोघी करमणुकीला आल्यात! सर्कस बघायला जावं तसे लोक तिथे जात. १७७० साली त्याला आळा बसला. बाईसाहेब पंख्याआडून बघताहेत, ते स्वतःला राजा समजणाऱ्या एका नागड्या वेड्याकडे.

आपण राजा कापलात. टॉम कापलात. पंखा तेवढा ठेवलात.

झाकण उघडलं, की वेड्याच्या जागी आपलंच तोंड दिसतं. हे मुद्दाम केलं असेल तर साष्टांग दंडवत. पण खोक्यावर ‘अठराव्या शतकाची नजाकत’ असं छापलंय, तेव्हा ती शंका घेत नाही.

होगार्थच्याच ‘जिन लेन’ या चित्राचे ग्लासही ठेवता म्हणे. झिंगलेल्या आईच्या हातून पोर निसटतंय, आणि त्यावर आपण लिंबाची फोड लावणार. चिअर्स.

नक्कल करणाऱ्या चोरांना होगार्थ एवढा विटला होता, की त्याने पार्लमेंटकडून कायदा करवून घेतला आणि तो २५ जून १७३५ला लागू होईपर्यंत या मालिकेचे छापे अडवून धरले. पण त्या चोरांना निदान टॉमची अख्खी गोष्ट चोरायची होती.

छप्पर गळत असणार, पगार थकत असणार, हे समजतं. फुकट चित्रं बघून जाणाऱ्यांच्या खिशातून चार पौंड काढायचे कसे, याची चिंता आपल्याच डोक्यावर. होगार्थही पक्का व्यापारी होता. आपल्या जागी असता तर त्यानेही आरसे विकले असते.

पण सारा यंगला कापलंत, ते मात्र मी विसरणार नाही! टॉमने गरोदर करून टाकून दिलेली ती मुलगी. कर्जापायी शिपाई त्याला धरतात, तेव्हा स्वतःचे पैसे पुढे करते ती हीच. आणि बेडलममध्ये त्याच्याशेजारी गुडघे टेकून रडतेय तीही हीच. त्या खोलीत त्याच्यासाठी रडणारं एक माणूस होतं, आणि तुमची कात्री नेमकी तिच्यावरून फिरली. लाज कशी वाटली नाही?

फ्रिजवर लावायचं बोटभर चुंबक तरी काढा तिचं. खपणार नाही, ठाऊक आहे. होगार्थ छाप्यांची वर्गणी आगाऊ घेई. दोन चुंबकांचे पैसे मीही आगाऊ पाठवते.

आपली,
एक मावशी