कच्चं, पक्कं आणि मी

मे महिन्यात नागपुरात माणसं दोनच प्रकारची: कूलरसमोर झोपणारी आणि कूलरमध्ये पाणी भरणारी. मी तिसऱ्या प्रकारात मोडलो. म्हणजे अक्षरशः मोडलो.

कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या होत्या. "मिस्त्रीला बोलवा," बायको म्हणाली. "३०० रुपये कायले द्यायचे? मी मेलो का?" असं म्हणत मी स्टुलावर चढलो. स्टूल घसरलं आणि मी पसरलेल्या हातावर आपटलो.

मनगट उलट्या ठेवलेल्या काट्या-चमच्यासारखं दिसू लागलं. अब्राहम कॉलीस या आयरिश शल्यविशारदानं १८१४ साली, एक्स-रे नसतानाच, हे मोडणं लिहून ठेवलंय. माझा एक्स-रे निघाला, पण निदान जिन्यातच शेजारच्या काकूंनी केलं होतं.

सूज होती म्हणून आधी कच्चं प्लास्टर आणि आठवड्यानं पक्कं. हातावर मोज्यासारखी नळी चढली, तिच्यावर कापसाचे वेढे आणि मग पाण्यात बुडवलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या. कोपराच्या खालपासून तळहाताच्या घडीपर्यंत सगळं बंद, बोटं तेवढी मोकळी. एकाएकी आतून गरम लागायला लागलं.

"डॉक्टर, भाजून राहिलं!"

"प्लास्टर घट्ट होताना तापतंच. चितार ओळीतला गणपती कधी ओरडला का?"

"तो मातीचा असते हो!"

चार सूचना मिळाल्या: हात उंच ठेवा, बोटं हलवत राहा, बोटं निळी किंवा बधिर पडली तर लगेच या, आत काहीही घालू नका. तीन मी निष्ठेनं पाळल्या. हात इतका उंच ठेवला, की गल्लीतली पोरं आशीर्वाद समजून पाया पडू लागली.

पण ४५ अंशांत कापसाखाली खाज सुटली, की चौथी सूचना कोण पाळणार? आधी पेनाची रिफिल घातली, मग वाळ्याची काडी. काडी आतच मोडली. ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नाही.

सहा आठवड्यांनी करवत आली. ती गोल फिरत नाही, नुसती थरथरते, म्हणून कडक प्लास्टर कापते आणि कातडीला सोडते. मी तरी डोळे मिटूनच घेतले. प्लास्टर उघडलं आणि काडी टेबलावर पडली.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर बायकोनं दिलं, "३०० रुपयांत मिस्त्रीनं तिन्ही ताट्या बसवल्या असत्या. यांनी एकच काडी बसवली, तीही हातात."

बाहेर पाऊस सुरू झाला होता.