‘अरे मेला!’ : एक समीक्षा

भाच्याच्या व्हिडिओवर क्लेम आला, असं ताईने फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी अभिनंदन केलं. आमच्या पिढीत क्लेम आला म्हणजे विम्याचे पैसे आले.

तर हा क्लेम वेगळा. भाचा गाडी पळवायचा गेम खेळतो आणि खेळता खेळता तोंडाचा पट्टा सोडून त्याचे व्हिडिओ टाकतो. त्या गेममधल्या गाडीत रेडिओ आहे. रेडिओवर 11 सेकंद गाणं वाजलं. गाडी खोटी, रस्ता खोटा, रेडिओ खोटा. गाणं तेवढं खरं निघालं. व्हिडिओ जिथे टाकतो तिथल्या मशीनने ते ओळखलं आणि जाहिरातीची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळवली. ताईच्या हिशेबाने त्या कमाईत वडापावही आला नसता, पण मालकाचा हक्क तो हक्क. अशी गाणी बंद ठेवायची सोय गेमच्या सेटिंगमध्ये आहे म्हणे. म्हणजे विकणाऱ्याला ठाऊक आहे की विकलेल्या घरात सुरुंग पुरलाय.

गेमवाल्यांचा परवानगीचा कागदही वाचला. व्हिडिओ खुशाल करा. बघणाऱ्यांकडून पैसे घेऊ नका. जाहिरातीचे मिळाले तर घ्या. स्वतःची सर्जनशील भर घाला. आणि ही परवानगी आम्ही केव्हाही काढून घेऊ. लग्नपत्रिकेवर ‘आग्रहाचे निमंत्रण’च्या खाली ‘पाहुण्यांना भरल्या ताटावरून उठवण्याचा हक्क राखीव’ असं छापावं, तसं.

सर्जनशील भर शोधायला व्हिडिओ बघितला. बारा मिनिटांत ती एकच होती : ‘अरे मेला, मेला, मेला... वाचला!’

मग मामा या नात्याने 1957 चा कॉपीराइट कायदा उघडला आणि खुर्चीतच सावरून बसलो. आपल्या कायद्यात संगणकाचा प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’ आहे. (चित्रं आणि गाणी वेगळ्या खात्यात, ते राहू द्या.) साहित्यकृती! म्हणजे पोरगं रात्री दोनपर्यंत जागून साहित्यात बुडालेलं असतं आणि ताई दार ठोठावून ‘बंद कर ते’ म्हणते. वाचनसंस्कृती मेली म्हणून दर संमेलनात गळे काढणाऱ्यांनी एकदा ताईकडे येऊन जावं. शिवाय कलम 52 म्हणतं की टीका किंवा समीक्षेसाठी कृतीचा उचित वापर केला तर तो भंग नाही; प्रोग्राम तेवढा त्यातून वगळलाय, पण चित्रं आणि गाणी वगळलेली नाहीत. म्हणजे भाचा समीक्षक ठरू शकतो! ‘अरे मेला’ हे नायकाच्या शोकान्त नियतीवरचं भाष्य आणि ‘वाचला’ हा आस्वादक समीक्षेतला सानंद उद्गार. हसू नका. आपल्याकडे मलपृष्ठ वाचून दीड हजार शब्दांचं परीक्षण लिहिणारे आहेत, प्रस्तावनाच उलटसुलट करून परीक्षण म्हणून छापणारे आहेत, लेखकाचं नाव चुकवून त्याच्या शैलीवर बोलणारे आहेत. या पोराने कृती चाळीस तास हाताळली आहे, प्रत्येक वळणावर स्वतः आपटला आहे. एवढं कुठला समीक्षक आपटतो? आणि तरी मशीन त्याला समीक्षक मानायला तयार नाही, कारण मशीनला कलम 52 कळत नाही, सूर कळतो. तक्रार करायची तर फॉर्म आहे. पण तो फॉर्म जातो त्याच मालकाकडे, ज्याने क्लेम केलाय.

आता माझं दुखणं. साहित्यकृतीला लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं संरक्षण आहे, असं हाच कायदा सांगतो. माझ्या कथासंग्रहाला मी जिवंत असताना सहा महिनेही मिळालं नाही. परवा सोसायटीच्या ग्रुपवर निवृत्त काकांनी अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकली, ‘वाचन चळवळीस छोटासा हातभार’. पान न् पान फोनने फोटो काढून केलेली. पान 43 वर काकांचा अंगठा आहे. जाणूनबुजून केलेल्या भंगाला एरवी किमान सहा महिने कैद आहे हो कायद्यात! इथे अठ्ठावीस जणांनी हात जोडले, एकाने ‘यांचं आणखी काही असेल तर टाका’ म्हटलं. आणि काकांनी ती पीडीएफ मलाही वेगळी पाठवली, ‘आपणांस आवडेल’ म्हणून! अकरा सेकंदांसाठी जगभर डोळ्यांत तेल घालून जागणाऱ्या त्या मशीनला माझी एकशे बहात्तर पानं दिसत नाहीत?

हेच मी भाच्याला तावातावाने विचारलं. त्याने हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली.

“मामा, पुढच्या पुस्तकात एक गाणं टाक ना.”