अर्ध्या इंचाची करामत

भोगीला आठ दिवस उरले की येवल्यात शहाणी माणसंही आसारी घेऊन गच्चीवर दिसू लागतात. आसारी म्हणजे पतंगाचा दोरा गुंडाळायचं साधन, पण तिला फिरकी म्हणून बघा, समोरचा लगेच विचारतो, "पाव्हणे कुठले?"

यंदा नातवाने फर्मान काढलं, "आबा, हाताने कशाला गुंडाळायचं? आपल्याकडे मेकॅनिक्स आहे ना!"

आपल्याकडे म्हणजे माळ्यावर. त्याच्या बापाचा डबा उघडला. भोकाभोकांच्या पट्ट्या, पुल्या, दांडे, आणि नटांपेक्षा दोन बोल्ट जास्त. हे दोन नट प्रत्येक घरात कुठे जातात, यावर कोणीतरी पीएच.डी. करायला हवी.

ही भोकं मूळची लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीची. त्याने १९०१ साली पेटंट घेतलं, पुढे त्या खेळण्याचं नाव मेकॅनो झालं. भोकापासून भोक अर्धा इंच, सगळी करामत तेवढ्यात. कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला बसते, आणि चुकलं तर सोडवता येते. सुताराकडे ही सोय नाही. तिथे चुकलं की फळी आखूड होते.

म्हणून मोठी माणसंही या डब्यात हात घालत आली. मँचेस्टरचे प्राध्यापक डग्लस हार्ट्री अमेरिकेतलं एक अवाढव्य गणितयंत्र बघून आले, आणि १९३४ साली आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याला घेऊन त्यांनी तसलंच यंत्र मेकॅनोत उभं केलं. खर्च साधारण वीस पौंड. फिरत्या तबकडीवर एक चाक घरंगळत ठेवायचं. ते किती फिरलं यावरून उत्तर मिळायचं. अणूच्या रचनेची गणितं खेळण्यातून सुटली!

प्रागच्या ओटो विख्टरलेंची कथा मला जास्त जवळची. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरीच, मुलांचा मेर्कुर नावाचा असाच डबा आणि सायकलचा डायनॅमो जोडून, साचा गरगर फिरवला आणि मऊ कॉन्टॅक्ट लेन्स काढल्या. त्यांच्या घरचे त्या दिवशी काय बोलले असतील, याचा अंदाज मला आमच्या घरावरून येतो. "जेवायचं ताट ठेवायला जागा करा आधी," असं आतून तिसऱ्यांदा ऐकू आलं होतं.

रात्री यंत्र उभं राहिलं. मोठी पुली, छोटी पुली, मध्ये रबराचा पट्टा, आसारी दोन पट्ट्यांच्या भोकांत अडकवलेली. नातवाने दांडी फिरवली. आसारी अशी सुटली की मी दोन पावलं मागे सरलो. पण दोरा सगळा एकाच जागी चढला. मिनिटाभरात मधोमध ही गाठोडी! आम्ही पट्ट्या सोडवल्या, उंची बदलली, पुल्या बदलल्या. गाठोडी तिथेच.

शेजारच्या काकू पैठणीसाठी कांड्या भरतात. सायकलच्या चाकाचा रहाट एका हाताने फिरवत, दुसऱ्या हातात रेशीम. आमचा तमाशा बघून म्हणाल्या, "अहो, दोऱ्याला कोणी इकडून तिकडे न्यायचं?"

तेव्हा मी त्यांच्या डाव्या हाताकडे नीट बघितलं. चिमटीतलं रेशीम कांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जात होतं, परत येत होतं. बोलताना, हसताना, दाराकडे बघतानाही.

त्या दोन बोटांच्या जागी आम्ही एक लांब पट्टी बसवली. दोरा शेवटच्या भोकातून ओवला, पट्टीचं दुसरं टोक एका चाकाला कडेला अडकवलं. चाक फिरलं की पट्टी पुढे-मागे. दोरा सरळ चढू लागला. अगदी सरळ नाही. एका कडेला जरा जाड. काकूंनी ते पाहिलं आणि सभ्यपणे काही बोलल्या नाहीत.

संक्रांतीच्या सकाळी, हलकडीचे ठोके घुमू लागले तेव्हा, काकूंच्या रहाटाची मूठ निखळली. नातवाने न विचारता आमच्या यंत्रातला एक बोल्ट काढून तिकडे बसवला. आमची पट्टी लोंबकळली. दोरा हाताने गुंडाळला.

कर होऊन गेली, डबा माळ्यावर गेला. बोल्ट अजून रहाटात आहे. नट मात्र आता एकच कमी आहे.